चपटी लेन्स आणि पापडाची लाटी

मोबाइल घरोघरी यायच्या आधीची गोष्ट. फोटोग्राफर इंदुताई शेवाळ्यांच्या पिशवीत दोन लेन्स राहायच्या. एक हातभर लांब झूम, दुसरी बिस्किटाएवढी चपटी. झूम सारखी टोचायची, "मी इथे बसून डोंगरावरची शेळी जवळ आणते. तुला काय येतं?" चपटी बिचारीला खरंच तसलं काही येत नव्हतं.

एकदा इंदुताई पापड लाटणाऱ्या बायकांचे फोटो काढायला गेल्या. अंगणाच्या कडेवरून झूमने नेम धरताच बायकांनी पदर सारखे केले, लाटणी खाली ठेवली आणि सगळ्या ताठ बसल्या.

"अहो, शोकसभेला बसल्यासारख्या काय बसलात?" असं म्हणत इंदुताईंनी झूम काढून चपटी लावली. पण चपटीला लांबून सगळ्या मुंग्यांएवढ्या दिसायला लागल्या. शेवटी इंदुताई घोळक्यातच मांडी घालून बसल्या. त्यांच्यातल्या पार्वतीकाकूंनी इंदुताईंना तेलात बुडवलेली लाटी खायला दिली. अर्धवट राहिलेल्या गप्पा पुन्हा रंगल्या, बायका खो खो हसल्या आणि फोटो कधी निघाले ते कुणाला कळलंही नाही.

पिशवीत झूमने कुरकुरत विचारलं, "तू त्यांना इतकं जवळ आणलंस तरी कसं?"

"मला कुठे आणता येतं?" चपटी म्हणाली. "म्हणून तर ताईंना जावं लागलं."