बत्ती देऊन उभं कुठं राहायचं?

एका गावात एक दारूकाम करणारा होता. दारू म्हणजे शोभेची, जत्रेतली. उगाच जिभल्या चाटू नका. त्याचे भुईनळे ताडाच्या वर जायचे. त्याची बहीण नदीपलीकडच्या गावात दिलेली, ती पण त्याच हाताची. बापानं दोघांना एकच कायदा शिकवलेला: ज्यानं दारू कुटली, बत्ती त्यानंच द्यायची.

आता या गड्याला एक खोड. दोन डबे दिसले की एकातलं दुसऱ्यात घालून बघायचंच. असंच बघता बघता एकदा खलात राखाडी काहीतरी तयार झालं. त्यातला मोहरीएवढा दाणा त्यानं माळावरच्या धोंड्याखाली ठेवला आणि बत्ती दिली. धोंडा गेला. कुठं गेला ते त्या धोंड्यालाच ठाऊक. गावातली झाडून सगळी मडकी तडकली, ताक वाहत ओढ्याला लागलं.

बायका शिव्या घालत होत्या आणि हा मनात म्हणत होता, मोहरीनं एवढं, तर भोपळ्याएवढ्यानं किती?

पाटील म्हणाले, "कर भोपळा. आपण काय लावणार न्हाई. चावडीत ठेवू. पलीकडच्यांना नुसतं कळू दे."

त्याला निमित्तच पाहिजे होतं. झाला भोपळा. थोड्याच दिवसांत पलीकडच्या चावडीतही एक येऊन बसला, याच्याहून गुबगुबीत. बहिणीलाही तीच खोड ना.

मग गंमत बघा. गावात भोपळा, म्हणून ठिणगी बंद. चुली बंद, बिड्या बंद, देवापुढचा दिवाही बंद. दोन्ही गावं भिजवलेले पोहे चघळत एकमेकांकडं डोळे वटारून बसली.

पाटील म्हणाले, "आता आणखी मोठा कर."

"करतो की. पण पाटील, बत्ती देऊन मी उभा कुठं राहू?"

"तुझं तू बघ."

बघायला तर त्याला आवडायचंच. त्यानं वातीचं एक टोक चावडीच्या खांबाला बांधलं, गुंडाळी खांद्यावर टाकली आणि सोडत सोडत निघाला. वेशीवर थांबला. छे, इथली मडकी तर मोहरीनंच फुटली होती. माळावर गेला. तिथं तो धोंडाच राहिला नव्हता, हा काय राहणार? शेवटी नदीत उतरला. बघतो तर समोरून कमरेएवढ्या पाण्यातून बहीण येतेय, खांद्यावर वातीची गुंडाळी.

"काय गं, इकडं कुठं?"

"जागा शोधतेय, दादा. म्हटलं तुझ्या अंगणातनं बघावं."

"मी तुझ्या अंगणात निघालो होतो."

दोघं खो खो हसली. मग हसू आपोआप थांबलं. बहीण म्हणाली, "माझी लेक गरम दुधासाठी रडतेय, दादा. तिला मीच रडवलं."

त्यांनी दोन्ही गावांना नदीच्या वाळवंटात बोलावलं. "आम्ही आता कुटणार नाही आणि बत्तीही देणार नाही."

"मग आम्ही देऊ," पाटील म्हणाले.

"द्या की. हे धरा टोक. फक्त उभं कुठं राहणार तेवढं दाखवा."

पाटलांनी टोक हातात घेतलं. टेकडीकडं बघितलं, नदीकडं बघितलं. पलीकडचे पाटीलही तसेच मान फिरवत होते. शेवटी दोघांची नजरानजर झाली.

"आधी त्यांचा मोडा."

"आधी त्यांचा."

बहीण म्हणाली, "तुमचा आम्ही मोडतो, आमचा तुम्ही मोडा. एकदमच, सगळ्यांसमोर, शेणकाल्यात." आणि काय सांगू, दोन्ही पाटील कोपरापर्यंत शेणात. भोपळे विरघळून गेले.

हात धुताना पाटलांनी विचारलं, "पण उद्या दुसऱ्या कुणी केला तर?"

आपला गडी म्हणाला, "त्याला पण खोड असणारच. त्याला बापाचा कायदा सांगू आणि वर आपला एक जोडू: आधी उभं राहायची जागा दाखव, मग कूट."

तोवर दोन्हीकडच्या चुली पेटल्या होत्या. बहिणीच्या घरी दूध उतू गेलं, पण कुणी कुणाला बोललं नाही.

तात्पर्य: काय होतंय ते बघायची ज्याला हौस, त्यानं कुठं उभं राहून बघणार ते आधी बघावं.