भूमिवंदन

“कधीपासून?” आक्कांनी विचारलं.

“काय कधीपासून?”

“भिंतीच्या कडेकडेने चालतोस ते.”

नरहरीने पायाच्या अंगठ्याने चटईची कड दाबून धरली.

टेकडीवरच्या या मठात यमुनाआक्का एकतीस वर्षं गादीवर होत्या. नरहरी त्यांच्याजवळ अठरा वर्षं होता. मठाचे सगळे नेम त्याला पाठ होते. ते पाठ आहेत, हेही तो कधी विसरत नसे.

आक्का भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या.

“तीन महिने झाले,” तो शेवटी म्हणाला.

“काय होतं?”

“कुशीवर वळलो की खोली फिरते. मान वर केली की फिरते. थोडाच वेळ. पण तेवढ्यात... मी कुठे आहे तेच कळत नाही.”

“उलटी?”

“कधी कधी.”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“तालुक्याला जाऊन आलो. कानाच्या आत तोलाची जागा असते, तिथलं बिघडलंय म्हणाले. मानेचे व्यायाम दिलेत. हळू उठा म्हणाले. उंचावर चढू नका म्हणाले.”

“बरोबर सांगितलं.”

“पण आक्का, परवा त्रिपुरी पौर्णिमा आहे.”

आक्कांनी आणखी एक वाल सोलला.

मठासमोर दगडी दीपमाळ होती. तीन पुरुष उंच. तिला शिडी नव्हती. अंगातून बाहेर आलेल्या दगडी हातांवर पाय देत वर जायचं आणि पहिला दिवा माथ्यावर लावायचा. दर त्रिपुरी पौर्णिमेला आक्का जमलेल्या लोकांतून एकाचं नाव घेत, आणि तो चढे. गेली सात वर्षं त्या नरहरीचं नाव घेत होत्या.

यंदा दिवा लागल्यावर, आपल्यामागे गादी कुणाची, ते आक्का सांगणार होत्या.

“मला काहीतरी द्या,” नरहरी म्हणाला. “अंगारा द्या, मंत्र द्या. एका संध्याकाळपुरता.”

“आणि वरून पडलास तर?”

“तुमचं नाव घेत पडेन.”

“माझं नको घेऊस. पोलीस मलाच विचारत बसतील.”

नरहरी हसला नाही.

“न चढून कसं चालेल, आक्का? लोक म्हणतील, याचाच तोल जातो. हा आम्हाला काय सांभाळणार?”

आक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “जरा पाणी आण.”

नरहरीने उजवा तळवा जमिनीवर ठेवला. समोरच्या फरशीच्या कोपऱ्यावर नजर लावली. तीन श्वास घेतले. उठला. खांबाला हात लावून क्षणभर उभा राहिला. मग पाण्याकडे गेला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, पण नेमातली एकही गोष्ट चुकली नाही.

तांब्या ठेवून तो बसला, तेव्हा आक्कांनी विचारलं, “मघाशी उठताना काय केलंस?”

“भूमिवंदन.”

“ते दिसलं. कशासाठी करतात?”

नरहरीची पाठ आपोआप ताठ झाली. हा त्याचा विषय होता. त्याने भूमिवंदनावर आठ पानांची पुस्तिका लिहिली होती आणि मठात येणाऱ्या प्रत्येकाला ती मिळत असे. कुणी घाईने उठलं, तर नरहरी त्याला पुन्हा खाली बसवायचा. एकदा एका निवृत्त मामलेदारांना त्याने तीन वेळा बसवलं होतं.

“उजवा तळवा म्हणजे कर्म,” तो म्हणाला. “जमीन म्हणजे क्षमा. नजर एका ठिकाणी, म्हणजे चित्त एका ठिकाणी. तीन श्वास म्हणजे तीन गुण. आणि खांब म्हणजे गुरू. गुरूचा आधार घेतल्याशिवाय साधकाने पाऊल टाकू नये.”

“छान आहे,” आक्का म्हणाल्या. “कुणी सांगितलं?”

“तुम्ही.”

“मी? कधी?”

“सांगितलं नाहीत. पण तुम्ही स्वतः रोज उठताना...”

तो थांबला.

आक्कांनी मांडीवरची सालं एकत्र केली.

“गादीवर बसले त्याच वर्षापासून मला चक्कर येते,” त्या म्हणाल्या.

...

बाहेर अंगणात कुणीतरी खराट्याने झाडत होतं. आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा.

“तुम्हाला?”

“पटकन उठले की सगळं फिरायचं. म्हणून हात टेकून बघायचे, जमीन जागेवर आहे का. असली की उठायचे. मग खांब धरायचे, नाहीतर पडले असते.”

“आणि दारावरचं वचन?”

मठाच्या दारावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘सगळं फिरतंय. खांब धर.’ दर दसऱ्याला नरहरी स्वतः त्या अक्षरांवरून रंगाचा हात फिरवत असे.

“ते मी महादूला म्हणाले होते. तेव्हा स्वयंपाकाला महादू होता. एकदा चुलीजवळच मला चक्कर आली. तो धरायला आला. म्हटलं, सगळं फिरतंय, तू खांब धर, मी तुला धरते. दुसऱ्या दिवशी बघते तर दारावर.” आक्कांनी वाल पाण्यात सोडला. “तेही अर्धंच.”

“तुम्ही सांगायचं होतंत.”

“सांगितलं की. पाच-सहा जणांना तरी सांगितलं असेल. मला चक्कर येते म्हटलं की हात जोडायचे. एकाने तर डोळे पुसले.”

नरहरीच्या डोक्यात आता दुसरंच काहीतरी जुळत होतं. ते त्याला जुळायला नको होतं.

“दीपमाळेवर तुम्ही कधी चढला नाहीत,” तो सावकाश म्हणाला.

“कशी चढणार? आधीचे महाराज स्वतः चढायचे. मला जमेना. म्हणून लोकांतल्या कुणाचं तरी नाव घ्यायला लागले.”

“सात वर्षं माझं घेतलंत.”

“हो.”

“मला वाटायचं...”

“तुझे पाय चांगले होते.”

नरहरी खाली बघत राहिला. फरशी फिरत होती की नाही, ते त्याला सांगता आलं नसतं.

...

“म्हणजे अठरा वर्षं मी जे शिकवलं ते खोटं,” तो म्हणाला. “त्या मामलेदारांना मी उगाच बसवलं.”

“त्यांचे गुडघे दुखत होते बिचाऱ्यांचे.”

“आक्का.”

“बरं. मला एक सांग. तीन महिने तुला चक्कर येते. मठात किती जणांना कळलं?”

“कुणालाच नाही.”

“का नाही?”

तो उत्तर द्यायला गेला आणि थबकला. इथे सगळेच हात टेकून उठत होते. सगळेच थांबत होते. सगळेच खांब धरत होते. तो कितीदा पडता पडता वाचला होता, आणि बघणाऱ्यांना त्यात बघण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

आक्कांनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्या वाल धुवायला लागल्या.

“परवा मी काय करू?” त्याने विचारलं.

“डॉक्टरने सांगितलं ते कर.”

“आणि लोकांना काय सांगू?”

“डॉक्टरने सांगितलं ते सांग.”

पौर्णिमेला ऊन उतरल्यावर लोक अंगणात जमले. बायका वाती घेऊन आल्या होत्या. तेलाचं भांडं दीपमाळेच्या पायाशी ठेवलं होतं.

आक्का कुणाचंच नाव घेईनात. त्या नुसत्या नरहरीकडे बघत उभ्या राहिल्या.

नरहरी पुढे आला. सात वर्षांची सवय होती, त्याचा हात आपोआप पहिल्या दगडावर गेला. त्याने मान वर केली. दीपमाळेचा माथा सरकला आणि त्याच्यामागचं आभाळ फिरलं.

त्याने डोळे मिटले. दगड धरून तसाच उभा राहिला. सगळे वाट बघत होते, आणि ते वाट बघतायत हे त्याला मिटल्या डोळ्यांनीही कळत होतं.

थोड्या वेळाने त्याने हात काढला आणि लोकांकडे तोंड केलं.

“मला चक्कर येते,” तो म्हणाला. “मी चढणार नाही.”

आवाज बारीक आला. या अंगणात तो इतकं थोडं कधी बोलला नव्हता.

“दौलत आलाय का?” आक्कांनी गर्दीत विचारलं.

गावचा वायरमन दौलत मागे उभा होता. रोज विजेच्या खांबावर चढणारा माणूस. त्याने चपला काढल्या, पँट दुमडली, तेलाचं भांडं उपरण्यात बांधून कमरेला अडकवलं आणि बघता बघता माथ्यावर पोचला. दिवा लागला. खाली बायकांनी बाकीचे दिवे लावायला घेतले.

“गादी नरहरीची,” आक्का म्हणाल्या. दुधावर झाकण ठेव म्हणावं, अशा आवाजात म्हणाल्या.

नरहरीला ते नीट कळायच्या आत लोक पाया पडायला पुढे आले.

सगळ्यांत आधी सबनीस गुरुजी आले. ते गावच्या शाळेतून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या खिशात नेहमी छोटी वही असे. त्यांचे डोळे भरले होते.

“मला चक्कर येते, मी चढणार नाही,” गुरुजी म्हणाले. “काय बोललात. उंचीची चक्कर. मीपणाची चक्कर. सगळं त्यात आलं.”

“तसं नाही हो, गुरुजी,” नरहरी म्हणाला. “मला खरंच चक्कर येते. कानातलं आहे ते.”

गुरुजींनी डोळे मिटले.

“कानातलं...” ते सावकाश म्हणाले. मग वही काढून त्यांनी तेही लिहून घेतलं.

त्यांच्यामागच्या बाईंनी हात जोडले. त्यांच्यामागच्या माणसाने वहीत काय लिहिलंय ते विचारलं, आणि गुरुजींनी त्याला हलक्या आवाजात वाचून दाखवलं.

नरहरी आक्कांकडे वळला.

“आक्का, मी सरळ सांगितलं. डॉक्टर म्हणाले तेच सांगितलं.”

“ऐकलं मी.”

“मग यांना कधी कळणार?”

आक्का दिव्यांकडे बघत होत्या.

“चक्कर आली की,” त्या म्हणाल्या.