हौसाबाईंचं विम्याचं कार्ड

हौसाबाई पाडळ्यांनी सत्तरी ओलांडली होती, तरी डोंगरावरच्या देवीला त्या अजून एका दमात चढून जात. सत्तरी झालेल्यांना सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड मिळतं असं कळलं, तेव्हा त्या तालुक्याच्या कचेरीत गेल्या. तिथल्या कुलथेसाहेबांचा तोरा मोठा. त्यांनी बाईंना नखशिखांत न्याहाळलं.

"आजी, आजार काय तुम्हाला?"

"काय बी नाही. उभ्या जन्मात दवाखान्याची पायरी चढले नाही."

"मग विमा कशाला? अंथरूण धरलंत की या!" साहेब हसले आणि रांगेतल्या दोघाचौघांनी त्यांची री ओढली.

बाईंना ते झोंबलं, पण त्यांनी आवाज चढवला नाही. दाराजवळ टांगलेल्या वाळूच्या लाल बादल्यांकडे त्यांनी बोट केलं.

"साहेब, ह्या कशासाठी?"

"आग विझवायला."

"मग आत्तापासून कशाला टांगल्यात? कचेरी पेटली की आणायच्या होत्या!"

आता अख्ख्या रांगेत हशा पिकला. साहेबांनी मान खाली घालून बाईंचं नाव नोंदवलं.

कार्ड हातात पडलं, तशा हौसाबाई ताठ मानेनं म्हणाल्या, "हक्काचं म्हणून घेतलंय. वापरायची पाळी काय मी येऊ द्यायची नाही!"