चौदा सकाळींची इच्छा

वीटभट्टीवरच्या खोपटात राहणारी एक मुलगी होती, येसू. वय वर्षं नऊ, आणि सध्या फार फार दमलेली. तिच्या चार वर्षांच्या भावाला, हौशाला, मेंदूज्वर झाला होता. आधी ताप, मग उलट्या, मान ताठ, आणि शेवटी झटके. आई तान्ह्या बाळाला घेऊन भट्टीवर राहिली, म्हणून दवाखान्यात हौशाजवळ वडील, म्हणजे आबा, आणि येसू.

दवाखान्यामागे छोटीशी बाग होती. पाणी भरायला गेलेली येसू तिथे अबोलीपाशी मटकन बसली आणि रडू लागली. तेवढ्यात पानांत काहीतरी लुकलुकलं. केशरी झगा, मोरपंखी पंख, अंगठ्याएवढी चिमुकली परी! पण पंख मलूल पडलेले, डोळे पेंगुळलेले. येसूने डोळे पुसले आणि आधी तिलाच ओंजळीतून पाणी पाजलं.

"माग काय हवं ते," परी जांभई देत म्हणाली.

"माझा हौशा बरा होऊ दे."

"होईल. पण एका दमात नाही. चौदा सकाळी लागतील, रोज इवलंसं बरं वाटेल. डॉक्टरीणबाई सुईतून औषध देतील तेव्हा त्याचा हात तू धरायचा. मधेच सोडलंस तर केलेलं सगळं पाण्यात."

"एवढंच?"

"एवढंच म्हणतात आणि पाचव्या दिवशी उठून निघून जातात गं सगळे," परी म्हणाली. "मी उगाच का दमलेय?"

रोज सकाळी हौशा किंचाळायचा, "ताई वाईट हाय! सोड मला!" येसूला फार वाईट वाटायचं. सोडायची मात्र नाही.

पाचव्या दिवशी ताप उतरला. हौशा उठून बसला, बिस्कीट खाऊन खुदकन हसला. आबांनी लगेच पिशवी भरली. "झालं की बरं पोर. चला, मुकादम वाट बघतोय."

"अहो, आजार गेला नाही, नुसता दबलाय. आत्ता नेलंत तर उलटेल," डॉक्टरीणबाई सांगून थकल्या. आबा ऐकेनात.

येसूने खाटेच्या पायाला मिठी मारली. "आबा, न्यायचं तर खाटेसकट न्या. आन् खाटेसंगं मलाबी!"

आबा चिडले, मग त्यांना हसू आलं, मग ते भिंतीला टेकून खाली बसले. तेही दमलेच होते. "ऱ्हाऊ मग," ते म्हणाले.

चौदाव्या सकाळी शेवटचं औषध झालं. हौशा दुडूदुडू चालून दाखवत होता. येसू बागेत धावली. परीचे पंख आता लखलखत होते, पोपटी, गुलाबी, सोनेरी.

"गुणाची गं माझी! आता स्वतःसाठी काहीतरी माग."

"हौशाचा माझ्यावरचा राग जाऊ दे. तो माझ्याशी बोलतच नाही."

"त्याच्या मनावर माझं काही चालत नाही, बाळ," परी हळूच म्हणाली. तिने येसूच्या नाकाचा चिमुकला पापा घेतला आणि ती सोनेरी उजेडात विरघळून गेली.

येसू पाय ओढत परत आली. हौशा खाटेवर बसला होता. त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग भिंतीकडे सरकून शेजारी जागा केली.

"ताई, हितं झोप."

येसू झोपली. आबांनी घरी जायचं दुपारवर ढकललं.