शंभर खोप्यांतली गाठ

माणसाला लिहिता येत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींचे शंभर खोपे लोंबत होते. रानात कुणी करार केला, की प्रत्येक सुगरण त्या कराराची गाठ आपल्या खोप्यात विणायची आणि मजुरीला गवताची एक काडी घ्यायची.

खारीने हुप्प्या माकडाचा आंबा राखला होता. करार असा होता, की झाडाला पहिला पाड लागला, म्हणजे पहिला आंबा पिकला, की हुप्प्याने बंद खोप्यात ठेवलेली उंबरं खारीची.

पाड लागला. थोरली सुगरण बंद खोपा उसवायला निघाली.

"थांब गं! मी 'सगळे आंबे पिकल्यावर' म्हणालो होतो," हुप्प्या गुरकावला.

"गाठ पाडाची आहे."

त्याने तिचा खोपाच ओरबाडून विहिरीत फेकला. "दाखव आता गाठ!"

सुगरणीने शेजारणीचा खोपा निरखून पाहिला, काडी उचलली आणि तीच गाठ पुन्हा विणायला घेतली. हुप्प्याने आणखी दोन खोपे फाडले, पण तिची चोच काही थांबली नाही.

काटे टोचून टोचून तो टेकीला आला. "बाई, तुझी तेवढी एक गाठ सोड ना."

"सोडते की," ती विणता विणता म्हणाली, "पण त्याने काय होणार? वर बघ."

वर बाकीच्या सुगरणींनी बंद खोपा केव्हाच उसवला होता. खार तिसरं उंबर खात होती.