पोरक्या पिलाचं दूध

एकदा एका वृद्ध पशुवैद्यांकडे कोंडाबाई नावाची, डुकरं पाळणारी एक बाई पदरात पिल्लू घेऊन आली. पिलाची आई विताना दगावली होती आणि भावंडंही एकेक करून गेली होती. "एवढं तरी जगवा बाबा," ती म्हणाली. "माझी डुकरीण आता ह्याच्यातच उरलीय."

वैद्यांनी पिल्लू आपल्या शिष्याच्या हाती सोपवलं. शिष्य अभ्यासू होता, पण फार हळवा. पिल्लू ओरडलं की तो शेळीचं दूध कोमट करून बाटलीनं पाजी. ते गप्प झालं की त्याच्याही जिवाला स्वस्थता वाटे. थोड्या वेळानं पुन्हा ओरडणं, पुन्हा बाटली. लवकरच पिलाला पातळ जुलाब सुरू झाले, पोट तट्ट फुगलं. शक्ती कमी पडत असावी, असं समजून शिष्यानं दूध आणखी वाढवलं.

कोंडाबाई पाहायला आली तेव्हा पिलाला धड उभंही राहवत नव्हतं. फक्त ओरडत होतं. शिष्य घाईनं दूध गरम करू लागला. तेवढ्यात वैद्य आत आले. त्यांनी पिलाचे कान चाचपले, मग शिष्याच्या हातातलं भांडं घेतलं आणि सगळं दूध स्वतःच पिऊन टाकलं.

"अगं बाई!" कोंडाबाई किंचाळली. "लेकराच्या तोंडचं दूध हा म्हातारा पितोय!"

"गुरुजी, ते भुकेलं आहे," शिष्य कळवळून म्हणाला.

"कशावरून?"

"ओरडतंय ना!"

वैद्यांनी मिशी पुसली आणि कोंडाबाईला विचारलं, "बाई, तुमची डुकरीण आधीच्या वेतातल्या पिलांना पाजायची, तेव्हा दूध सारखं यायचं का हो?"

"छे! पिलं लुचत राहायची, पण दूध उतरायचं जरासंच. मग बराच वेळ काही नाही."

"आणि त्या वेळात पिलं कुठं असायची?"

"तिच्या पोटाला चिकटून. दुसरीकडं कुठं जातील?"

वैद्य शिष्याकडे वळले. "कान बघ, गार पडलेत. गारठलेल्या पोटात दूध पचत नाही, नासतं. आई असती तर ह्याला थोडा वेळ दूध मिळालं असतं आणि बाकीचा सगळा वेळ ऊब. तू फक्त दूध दिलंस. आणि बाळा, एक विचारतो, रागावू नकोस. तू पिलाची भूक भागवत होतास, की तुझ्या कानांना तो आवाज सोसत नव्हता?"

शिष्यानं गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिलाच्या कुशीला ठेवली. वैद्यांच्या सांगण्यावरून दूध बंद करून, उकळून कोमट केलेलं मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं पाजलं. पिल्लू ओरडतच होतं. शिष्याचा हात दोनदा दुधाकडे गेला आणि दोनदा मागे आला. पुढे केव्हातरी ते ओरडता ओरडताच झोपलं.

दुसऱ्या दिवशी जुलाब थांबले. मग शेळीचं दूध पुन्हा सुरू झालं, अगदी जरासं आणि ठरावीक अंतरानं. कोंडाबाईनं पिलाची घट्ट विष्ठा पाहिली आणि तिचे डोळे भरून आले. मधल्या वेळी पिल्लू ओरडलं की शिष्य आधी त्याचे कान चाचपी. कधी ते गार असत, मग तो ऊब देई; कधी नसत. तेव्हा तो नुसता त्याच्याजवळ बसून राही.

कुणाचं रडणं थांबवायला आपण धावतो, तेव्हा त्यातलं किती त्याच्यासाठी असतं आणि किती आपल्यासाठी, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. पण धावण्याआधी त्याला हात लावून पाहावा, एवढं मात्र कळतं.