घाण्याच्या आळीतली कुत्री

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात एक माळी राहत होता. उन्हाळ्यात नदी आटली की तो तिच्या वाळूत टरबुजं लावायचा. ती पिकू लागली की कोल्हे यायचे. म्हणून रोज दिवस मावळताना माळी आपल्या काजळ्या कुत्र्याला घेऊन राखणीला निघायचा. काजळ्या असला की कोल्हा फिरकत नसे.

नदीची वाट एका तेलिणीच्या तेलघाण्याच्या आळीतून जायची. तिथे चार मोकाट कुत्री पडलेली असत. पहिल्या दिवशी ती नुसती गुरगुरली. माळ्याने भाकरीचा तुकडा फेकला आणि झपाझप पाय उचलले. तेव्हापासून तो रोज तुकडा टाकू लागला.

पण झालं भलतंच. आता कुत्री आळीच्या तोंडाशीच धावून येत. माळी घाबरून तुकडा फेकी, काजळ्याची दोरी आखडून धरी आणि काठी उगारी. गळा आवळला की काजळ्या खवळायचा, मग चारी कुत्री त्याच्यावर तुटून पडायची. एकदा त्याचा कान फाटला. दुसऱ्या दिवशी आळी दिसताच तो मटकन खाली बसला, काही केल्या उठेना.

माळी एकटाच राखणीला गेला. सकाळी बघतो तर कोल्ह्यांनी निम्मी टरबुजं फोडलेली!

"हे तेलिणीचंच काम," तो बायकोला म्हणाला. "मी दिसलो की ती कुत्र्यांना छू करते."

"अहो, पाहिलंत का तुम्ही तिला छू करताना?"

"पाहायला कशाला हवं? मला बघून दार लावून घेते. मनात काही नसतं तर दार कशाला लावलं असतं?"

त्या दिवशी काजळ्याला घरी बांधून, उन्हं कलायच्या आत तो घाण्याच्या कुडामागे दबून बसला. तेलीण बाहेर आली. माळ्याने श्वास रोखला. तिने बैलाला पाणी पाजलं आणि ती आत गेली. कुत्र्यांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

मग एक धनगर आपलं कुत्रं घेऊन आला. दोरी सैल, काठी खांद्यावर आडवी. एक मोकाट कुत्रं गुरगुरत उठलं. धनगराने आपलं कुत्रं पलीकडच्या अंगाला घेतलं आणि दुसऱ्या कडेने वळसा घालून सावकाश निघून गेला. उठलेलं कुत्रं पुन्हा आडवं झालं.

"हाही तिला सामील दिसतोय," माळी पुटपुटला.

तेवढ्यात त्याची रोजची वेळ झाली. कोणी छू म्हटलं नाही, कोणी हाक मारली नाही. चारी कुत्री आपणहून उठली, आळीच्या तोंडाशी जाऊन बसली आणि माळ्याच्या घराकडे बघत शेपट्या हलवू लागली.

माळ्याच्या आता लक्षात आलं. ती त्याच्या भाकरीची वाट बघत होती.

"कोण आहे रे तिकडे? पेंड चोरायला बसलायस होय?" मागे तेलीण मुसळ घेऊन उभी होती.

"मी... मी कुत्री बघत होतो, वहिनी."

"रोज काठी परजत माझ्या दारावरून जाता, आज कुडाआड दडता. मी दार लावते ते काय उगीच?"

माळी घरी परतला. त्याने कुत्र्यांना भाकरी टाकणं बंद केलं. काही दिवस तो बाभळीच्या रानातून लांबच्या वाटेने गेला. मग एका संध्याकाळी आळीत शिरला. दोरी सैल, काठी खाली, काजळ्या पलीकडच्या अंगाला. एक कुत्रं धावून आलंच. माळी पळाला नाही. त्या कुत्र्याच्या आणि काजळ्याच्या मध्ये उभा राहून ठणकावून म्हणाला, "हट! जा मागे!" कुत्र्याने त्याचा रिकामा हात हुंगला आणि ते वळलं.

काजळ्या वाळूत पोचताच भुंकला. उरलेली टरबुजं वाचली.

त्यातलं एक माळ्याने तेलिणीच्या दारात नेलं. तिने फटीतून पाहिलं. "आधी तुम्ही खाऊन दाखवा."

माळ्याने तिथेच टरबूज फोडून एक फाक खाल्ली. तेव्हा कुठे तिने दार पुरतं उघडलं.

तात्पर्य: कुत्र्यांना छू कोण करतं हे शोधायच्या आधी आपला हात काय करतोय ते बघावं, भीतीने फेकलेला तुकडा आणि संशयाने उगारलेली काठी, दोन्हींनी वैरच वाढतं.